खालचं वाचता आलं पाहिजे

"पणजोबांच्या वडिलांचं नाव काय?"

अंबरनाथला मी खोली मागायला गेलो तेव्हा मालकांनी विचारलेला हा पहिला प्रश्न. नोकरी विचारली नाही, जात विचारली नाही, लग्न झालंय का तेही नाही. दारात उभं करून हे विचारलं. मी आजोबांचं नाव सांगितलं. पणजोबांचं अडखळत सांगितलं.

"ठाऊक नाही," मी म्हणालो.

"ठीक. खरं बोललास. खोली मिळाली." मग माझ्या काखेतल्या गठ्ठ्याकडं बघून म्हणाले, "यात काय आहे?"

"पत्रकं आहेत. आपल्या पूर्वजांचा तेजस्वी इतिहास." तेव्हा मी असंच बोलायचो. मला तेविसावं लागलं होतं आणि पत्रक लिहिण्याखेरीज दुसरं काही धड येत नव्हतं.

"कुणाचे पूर्वज? तुझे तर तिसऱ्या पायरीवर संपले."

मालक मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. सगळं आयुष्य लोकांच्या जमिनींत साखळी ओढण्यात गेलेलं. ती सवय हाडात शिरली होती. स्टेशनवरून चाळीकडं येताना पावलं मोजत यायचे. वाटेत कुणी "काय मालक, बरं आहे ना?" म्हटलं की नुसतं बोट वर. बोट बघूनही एखादा नवखा बोललाच, तर मालक वळून पुन्हा स्टेशनात जायचे आणि पहिल्या पावलापासून सुरू करायचे. मी एकदा म्हटलं, "रोजची तीच वाट. रोज कशाला मोजता?"

"तीच आहे हे तुला कुणी सांगितलं?"

खुर्चीवर बसत नसत. मोजणीच्या सामानाची एक लाकडी पेटी होती, तिच्यावर बसत. पेटीत जुनी साखळी. एकदा चाळीतल्या दोन बायकांचं ओट्यावरून भांडण पेटलं. माझा ओटा इथवर, तुझा तिथवर. मालकांनी साखळी काढली, अर्धा दिवस मापं घेतली, खडूनं रेघ मारली. रेघ दोघींनाही पटली नाही. दोघी मिळून मालकांना शिव्या द्यायला लागल्या. मालक पेटीवर बसून ऐकत होते, चेहऱ्यावर समाधान. "बघ, आता दोघींची मिळून एकच बाजू झाली," मला म्हणाले.

घरात खोडरबर नव्हतं. चाळीतल्या मुलांनाही ते खोडरबर वापरू देत नसत, मुलं लपवून ठेवायची. "मोजणीच्या वहीत खोडायला बंदी. चुकलं तर एक रेघ मारायची, वर बरोबर लिहायचं, शेजारी सही करायची. खालचं वाचता आलं पाहिजे. काय चुकलं आणि कुणी चुकवलं, दोन्ही राहिलं पाहिजे." माझ्या खोलीचा नंबर रंगाऱ्यानं चुकून सहा घातला होता. मालकांनी सहावर रेघ मारली, वर नऊ लिहिला, सही केली. पोस्टमन येता-जाता हसायचा.

त्यांच्या दारावरच्या पाटीवर त्यांच्या नावाखाली मुलाचं नाव होतं. त्यावरही रेघ होती, शेजारी सही. मुलगा मेला नव्हता. भांडून मुंबईला वेगळा राहत होता. खालचं नाव स्वच्छ वाचता यायचं.

बदलापूरला बेलवलीत त्यांच्या ओळखीच्या एका गृहस्थाचं घर होतं. एका पावसाळ्यात नदीचं पाणी घरात शिरलं, तेव्हा मालकांनी जाऊन पाणी कुठवर चढलं त्याची खूण भिंतीवर केली. पुढं त्या गृहस्थाला घर विकायचं झालं. त्यानं भिंतीला चुना मारला. गिऱ्हाईक घर बघायला आलं त्या दिवशी मालक तिथं हजर, हातात पेन्सिल आणि फूटपट्टी. गिऱ्हाईकासमोर भिंतीवर पुन्हा रेघ ओढली. "पाणी इथपर्यंत होतं. आता घ्यायचं तर घ्या." तीस वर्षांची मैत्री तिथं संपली. मी त्यांना म्हटलं, तुमचं काय जात होतं? ते म्हणाले, "चुन्यानं पाणी थांबत नाही."

अशा माणसाच्या चाळीत मी पत्रकं लिहीत होतो. संध्याकाळी ते माझ्या दारात यायचे, हातात टोक केलेली पेन्सिल. "वाच." मी वाचायचो. "हजारो वर्षांपासून..." "कुणी मोजली?" "रक्ताचे पाट वाहिले..." "कुठल्या गावातून कुठल्या गावात?" मी चिडायचो. पत्रक म्हणजे काय सातबारा आहे? लोक झोपलेले आहेत, त्यांना हलवायचं तर मोठ्यानं बोलायला नको? ते एकेका शब्दावर रेघ मारायचे आणि शेजारी बारीक सही करायचे. माझं पत्रक, सही त्यांची. छापखान्यात मी ती पानं लपवून न्यायचो.

जोमा मात्र मला कळत नव्हता. जोमा हा जवळच्या गावातला आगरी माणूस, पन्नाशीचा, कमरेला लंगोटी आणि डोक्याला फडकं. दर आठवड्याला यायचा, मालकांच्या पायरीवर बसायचा. बोलायचा एकच वाक्य.

"मालक, अवंदा तरी बोलशील काय?"

मालक उठून आत जायचे. जोमा थोडा वेळ बसायचा, मग निघून जायचा. जगाला नोंद दाखव म्हणणारा माणूस या एका माणसापुढं तोंड उघडत नव्हता. मी विचारलं तर म्हणाले, "तुझं पत्रक लिही."

त्या भागात काय घडलं होतं ते थोडक्यात सांगतो. युद्ध चालू असताना लष्करी छावणीसाठी कल्याणच्या पुढच्या गावांच्या जमिनी घेतल्या. युद्ध संपलं, छावणी ओस पडली. फाळणी झाली आणि सिंधमधून उठून आलेली माणसं त्या बराकींत आणून ठेवली. आम्ही सगळे त्याला कॅम्प म्हणतो. ज्यांची जमीन गेली ते लांबून बघत राहिले. ज्यांना बराकी मिळाल्या त्यांना ही जमीन कुणाची हे कुणी सांगितलं नाही. जोमाचं शेत त्या बराकींखाली होतं. आता अशी बातमी होती की ज्यांची पिकती शेतं गेली त्यांना बदली जमीन मिळेल. पड जमीन गेली असेल त्यांना काही नाही. आणि सरकारी वहीत जोमाचं शेत पड होतं.

"पड?" जोमा मला एकदा म्हणाला. "माज्या आयसनं तिथं लावणी करता करता मना जनला. पड!"

निवडणूक जवळ आली होती. लोकल बोर्डाची. आमचे उमेदवार जोमाच्याच गावचे, जुन्या पोलीस पाटलाचा मुलगा. त्यांना सगळे भाऊ म्हणायचे. भाऊ जमिनीच्या प्रश्नावर उभे होते, म्हणून मी त्यांच्या मागं होतो. मी जमिनींवर चार पत्रकं लिहून दिली. भाऊंनी वाचली, पान लावता लावता म्हणाले, "चांगलं लिहितोस रे. पण अर्ज, मोबदला, सर्व्हे नंबर, यानं कुणाच्या अंगावर काटा येतो? लोकांना एक माणूस दे. मेलेला असला तर उत्तम."

मला दगड आठवला.

जोमाच्या जुन्या शेताच्या कडेला, बराकींना लागून, उंबराखाली एक वीरगळ आहे. वीरगळ म्हणजे लढाईत मेलेल्या माणसाची आठवण म्हणून उभा केलेला कोरीव दगड. त्याच्या शेजारच्या खोलीत एक सिंधी गृहस्थ राहायचे. दगडाभोवती खाटा मांडून त्यांच्या घरचे पापड वाळत असायचे. सिंधमध्ये ते तपेदार होते, म्हणजे आपल्याकडच्या तलाठ्यासारखं काम. सगळे त्यांना तपेदारच म्हणायचे. मालकांचं आणि त्यांचं फार जमायचं. दोघेही जमिनीच्या कागदांत म्हातारे झालेले.

एका रविवारी सकाळी मी मालकांना घेऊन दगड बघायला गेलो. तपेदार खाटेवरून उठले. "आओ साईं, आओ. पत्थर बाद में देखना, पहले पापड खाओ."

मालकांनी पापड हातात धरला आणि दगडासमोर उकिडवे बसले. "खालून वर वाचायचा. खालच्या पट्टीत लढाई. आडवा पडलाय तो मेलेला. त्याच्या मागं काय आहे?"

"ढोरं," मी म्हणालो.

"गाई. कुणी गुरं पळवायला आलं, हा आडवा गेला, मेला. मधल्या पट्टीत अप्सरा त्याला वर नेताहेत. सगळ्यात वर तो पिंडीसमोर बसलाय. संपलं."

"पळवायला आले ते परके असणार."

"शेजारच्या गावचे असतील. गुरं हाकत माणूस किती लांब जाईल?"

तपेदार खो खो हसले. मला राग आला. "आणि नाव? याचं नाव काय?"

"नाही. लेखच नाही. ज्यांनी दगड बसवला त्यांना नाव ठाऊक होतं, म्हणून लिहावंसं वाटलं नाही." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "लिहायचं असेल तर एवढंच लिही: कोण होता ठाऊक नाही."

तपेदार खाटेवरचे पापड उलटे करत होते. "मालकसाब, मेरे गाँव का एक-एक खेत मुझे जबानी याद है. नंबर के साथ, मेंड के साथ. खेत उधर. मैं इधर. तुम्हारे पत्थर का नाम नहीं, मेरे नाम का खेत नहीं." असं म्हणून पुन्हा हसले. त्यांच्या खोलीत एक पत्र्याची पेटी होती. मागं राहिलेल्या घराचे आणि शेतांचे कागद तिच्यात होते. त्यावर सरकारदरबारी काही मिळायची त्यांना आशा होती. पेटीला रोज उदबत्ती लावायचे.

घरी येऊन मी पत्रक लिहिलं. "ठाऊक नाही" असं पत्रक कधी कुणी छापलंय? चहा पिता पिता मी त्या माणसाला नाव दिलं. धारोजी. तलवारीला धार असते म्हणून धारोजी. मी लिहिलं: "परक्यांनी या भूमीत पाऊल टाकलं, तेव्हा आपला वीर धारोजी एकटा उभा राहिला. त्याचं रक्त ज्या मातीत सांडलं, त्या मातीवर आज कोण पापड वाळवतंय?"

शेवटचं वाक्य सुचलं तेव्हा मी खोलीत एकटाच उठून उभा राहिलो होतो. इतकं ते मला आवडलं. ज्याच्या खाटेवर बसून पापड खाल्ला त्याच्याबद्दल ते होतं, हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही. आता येतं.

भाऊ खूश. पत्रकं गावोगाव गेली. दगडावर लाल ऑइलपेंटनं "वीर धारोजी" असं रंगवून घेतलं.

मालकांनी पत्रक वाचलं. दोनदा वाचलं. मी पेन्सिलीची वाट बघत होतो. त्यांनी पेन्सिल खिशात ठेवली.

"यात रेघ कुठं मारू? खाली काहीच नाही."

दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी दुपारी हाक मारली. पेटीवरून उठून त्यांनी पेटी उघडली. साखळीच्या खालून एक वही काढली, कापडात गुंडाळलेली. माझ्यासमोर एक पान उघडलं.

"हे जोमाचं शेत."

पेन्सिलीत लिहिलं होतं, "भात". त्यावर एक रेघ. वर लिहिलं होतं, "पड". शेजारी दोन सह्या. एक मालकांची.

मला कळायला वेळ लागला. "तुम्ही?"

"छावणीची मोजणी मीच केली. साहेब म्हणाला, तीन दिवसांत आटपा. पड लिहिलं की हरकती ऐकत बसावं लागत नाही. पिकं उभी होती. कमरेएवढ्या भातात मी साखळी टाकली आणि पड लिहिलं. पक्क्या वहीत फक्त पड गेलं. ही कच्ची वही. हिच्यात दोन्ही आहे."

"सगळ्यांची पड केलीत?"

"एक सोडून. पंच म्हणून ज्यानं सही केली त्याची भात राहिली." त्यांनी दुसऱ्या सहीवर बोट ठेवलं. "वाच."

सही मोडीत होती. मोडी मला येत नाही. पूर्वजांच्या लिपीचा अभिमान धरा असं मी दोन पत्रकांत लिहिलं होतं, आणि मला मोडीतलं एक अक्षर लागत नव्हतं. पणजोबांच्या वडिलांबद्दल पहिल्या दिवशी खरं बोललो होतो. या वेळी नाही बोललो. वाचल्यासारखी मान हलवली.

"इतकी वर्षं तुम्ही गप्प बसलात? तो माणूस दर आठवड्याला तुमच्या पायरीवर येऊन बसतो!"

"पेन्शन," मालक म्हणाले. दुसरं काही म्हणाले नाहीत.

मी त्यांना बरंच सुनावलं. पत्रकात लिहावं तसं सुनावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हे काम माझ्यानं होत नाही, तू कर. आधी नक्कल उतरवून घे, सह्यांसकट. मग ने. जिथं देशील तिथं पोच घे."

नक्कल मी केली नाही. सही उतरवायची म्हणजे मोडीचं प्रकरण उघडं पडलं असतं. आणि घाई होती. दुपारीच वही घेऊन भाऊंकडं गेलो. दुसऱ्या कुणाकडं जाणार? जमिनीसाठी लढणारा माणूस तोच होता.

भाऊंनी पान उघडलं आणि बराच वेळ बघत बसले. त्यांना मोडी येत होती.

"हे जोमाला ठाऊक आहे?"

"शेत ठाऊक आहे, वही नाही."

"बरं. वकिलाला दाखवतो. ठेवून जा." वही त्यांनी पानाच्या तबकाखाली सरकवली. मग माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणाले, "शाबास. इतिहास शोधावा तर असा."

मी उड्या मारत परतलो. वाटेत जोमाला गाठून सांगितलं, "परवाच्या सभेला पुढं उभा राहा. तुझ्या शेताचं नाव निघणार आहे."

सभा भर दुपारी होती, दगडापाशी. कर्णा माझ्या हातात. जोमा सगळ्यात पुढं, धुतलेला सदरा घालून. बायकोलाही आणलं होतं. भाऊ अर्धा तास बोलले. धारोजीवर बोलले. धारोजीच्या आईवर बोलले, ती मी पत्रकात लिहिलीसुद्धा नव्हती. वहीचं नाव नाही, भाताचं नाव नाही. शेवटी माझंच वाक्य म्हणाले. "त्या मातीवर आज कोण पापड वाळवतंय?" आणि हात केला खाटांकडं.

पहिली खाट कुणी उलटवली ते मी बघितलं नाही. खोली कुणी पेटवली तेही नाही. मी बघत होतो ते तपेदारांकडं. ते खोलीकडं धावले, पेटीसाठी. दारात कुणीतरी त्यांच्या हातावर काठी घातली. मी "थांबा, थांबा" ओरडलो. कर्ण्यातून ओरडलो. लोकांना वाटलं घोषणा आहे. त्यांनी "जय" म्हणून उत्तर दिलं.

खोली जळून गेली. तपेदार रस्त्यावर बसले होते, मोडलेला हात मांडीवर. मी जवळ गेलो. मला वाटलं शिव्या देतील. सिंधीत भावाला मारावी तशी हाक मारून ते म्हणाले, "अदा, पेटी में मेरा गाँव था."

परत वळलो तर जोमा तिथंच उभा होता. बायको रडत होती. "माज्या शेताचा काय बोलला नाय भाऊ," तो म्हणाला. तक्रार नव्हती. आपल्यालाच ऐकू आलं नसेल, अशा आवाजात विचारत होता.

चाळीत परतलो तेव्हा मालक आपल्या खोलीत पेटीवर बसले होते. त्यांना बातमी लागली होती.

"वही?"

"भाऊंकडं आहे."

"पोच?"

"घेतली नाही."

"नक्कल?"

"केली नाही."

"सही वाचली होतीस ना?"

आता खोटं बोलण्यात काही उरलं नव्हतं. "नाही. मोडी येत नाही मला. कुणाची होती?"

"त्याच्या बापाची."

बाहेर मुलं खेळत होती. मालक त्यांच्याकडं बघत होते. सातशे-आठशे वर्षांपूर्वीच्या खुनावर गाव पेटवलं की दहा-बारा वर्षांपूर्वीची सही कुणी विचारत नाही. भाऊंना एवढंच हवं होतं, आणि ते मी त्यांना लिहून दिलं होतं. कुणी सांगितलं नाही तरी ते मला त्या खोलीत उभ्या उभ्या कळलं.

"तू वाचल्याची मान हलवलीस," मालक म्हणाले. "मी भातात उभा राहून पड लिहिलं. आपण बरोबरीचे."

दुसऱ्या दिवशी ते स्वतः भाऊंकडं गेले. भाऊंनी वाकून नमस्कार केला, चहा मागवला आणि विचारलं, "कुठली वही, काका?" मालक तिथून उठले ते तालुक्याच्या कचेरीत गेले. मी बरोबर होतो. तिथं बसून त्यांनी आपल्या हातानं लिहून दिलं: अमुक शेतात उभं भात असताना मी पड अशी खोटी नोंद केली. खाली सही. कारकून माझ्याच वयाचा होता, सभ्य होता. त्यानं पक्की वही काढून बघितली.

"आजोबा, इथं तर पड आहे. खोडाखोड नाही, काही नाही. भात होतं असं तुम्ही म्हणता. नोंद दाखवा."



परतताना अंबरनाथ स्टेशनबाहेर चाळीतला एक जण भेटला. सवयीनं म्हणाला, "काय मालक, बरं आहे ना?" मी थांबलो, बोट वर जायची वाट बघत. बोट वर गेलं नाही. मालक म्हणाले, "बरं आहे." आणि चालत राहिले. पावलं मोजतच नव्हते.

भाऊ निवडून आले. जोमाला बदली जमीन मिळाली नाही. मालकांची लेखी कबुली कचेरीतून वर गेली आणि त्यांची पेन्शन थांबली. खोटी नोंद केली एवढं त्यांचं म्हणणं सरकारनं खरं धरलं. शेत भाताचं होतं, हे नाही. तपेदार कॅम्पातच लांब, दुसऱ्या टोकाला राहायला गेले. मालक त्यांच्याकडं जात राहिले. तपेदारांचा मोडलेला हात बरा होत नव्हता, म्हणून त्यांनी तोंडी सांगायचं आणि मालकांनी लिहायचं: कुठल्या नंबरचं शेत, कुणाच्या बांधाला बांध. सिंधमधलं एक अख्खं गाव मालकांनी अंबरनाथच्या वहीत पेन्सिलीनं उतरवलं. ते कुठंच चालणार नव्हतं, हे दोघांनाही पक्कं ठाऊक होतं.

जोमा पायरीवर येतच राहिला. आता मालक आत जात नसत. शेजारी बसत.

वारायच्या आधी थोडे दिवस मालक मला म्हणाले, "दगडावरचं ते नाव खरवडू नकोस. रेघ मार, आणि सही कर. तुझी. भर उन्हात जाऊन कर, चोरासारखा नको." मी हो म्हटलं. गेले तेव्हा मुलगा मुंबईहून आला. पाटीवरच्या आपल्या नावावरची रेघ त्यानं पाहिली. पाटी काढून बरोबर घेऊन गेला.

त्यानंतर मी रंग आणि कुंचला घेऊन दगडापाशी गेलो. भर उन्हात गेलो. तपेदारांच्या खोलीच्या जागी आता भाऊंच्या नावाची कोनशिला आहे. दगडावर झेंडूचा हार होता, पुढं नारळ फोडलेला. जोमा तिथं बसून फडक्यानं दगड पुसत होता.

"काय करतस?" त्यानं माझ्या हातातला कुंचला बघून विचारलं.

"रेघ मारायला आलोय, दादा. हे नाव खोटं आहे. मी ठेवलंय ते. घरात बसून, चहा पिता पिता."

"धारोजी?" तो हसला. "तू कालचा पोर. माज्या आजानं सांगलाय मना याचा नाव. आजाला त्याच्या आजानं."

मी त्याला सगळं सांगितलं. पत्रक, भाऊ, वही, मोडीतली सही. त्यानं ऐकून घेतलं. वहीचं सांगितलं तेव्हा एकदाच माझ्याकडं बघितलं. मग उठला आणि दगडाला पाठ लावून उभा राहिला.

"जमीन गेली," तो म्हणाला. "आता याला पन नेतस?"

मी कुंचला न बुडवता परत आलो. मालक असते तर काय म्हणाले असते ते मला ठाऊक नाही. दगड आहे तसा आहे. दर निवडणुकीला रंग नवा होतो. पोरं त्याच्यासमोर शपथा घेतात आणि ती शपथही माझ्याच वाक्यांची आहे.

म्हणून रेघ इथं मारतो. "परक्यांनी या भूमीत पाऊल टाकलं, तेव्हा आपला वीर धारोजी एकटा उभा राहिला." हे मी लिहिलं. असा कुणी नव्हता. खोडत नाही, खालचं वाचता येऊ दे. वर बरोबर काय ते लिहायचं असतं, तेही लिहितो.

जोमाचं शेत. भात.